वजन आणि वस्तुमान

हिंगणघाटच्या बाजारांत कापसाची गाडी कांट्यावर चढली कीं शेतकऱ्याचा सारा जीव समोरच्या आंकड्यांत गोळा होतो. वर्षभराच्या कष्टांचें मोल तो आंकडा ठरविणार असतो. परंतु त्या घटकेस तेथें काय मोजलें जातें, असें विचारल्यास 'वजन' हें सहज सुचणारें उत्तर शास्त्रदृष्ट्या अपुरें ठरेल. बाजारांत आपण विचारतों वजन. विकत घेतों मात्र वस्तुमान.

वस्तुमान म्हणजे पदार्थांतील द्रव्याचें प्रमाण. वजन म्हणजे त्या द्रव्यावरील पृथ्वीची ओढ. ही ओढ सर्वत्र सारखी नसते. विषुववृत्तावर २०० किलो दाखविणारा स्प्रिंगचा कांटा त्याच मालाला ध्रुवावर सुमारें २०१ किलो दाखवील, आणि चंद्रावर अवघे ३३. कापूस मात्र बोंडभरहि वाढलेला वा घटलेला नसतो. बाजारांतील विजेचा कांटाहि ओढच मोजतो. म्हणून तो जेथें वापरावयाचा तेथेंच प्रमाणित वजनें ठेवून तपासावा लागतो. दोन पारड्यांच्या जुन्या तराजूला ही अडचण नाहीं. ओढ कमी झाली तर ती दोन्ही पारड्यांवर सारखीच कमी होते, आणि दांडी सरळ राहते. न्यायाचें चिन्ह म्हणून तराजू शोभतो तो यामुळेंच.

आपल्या भाषेनें 'वजन' या शब्दाला आणखी एक अर्थ दिला आहे. अमक्याचें कचेरींत वजन आहे, असें आपण म्हणतों. हें वजनहि जागेवरच अवलंबून असतें. खुर्ची सुटली कीं तें उतरतें. माणूस मात्र होता तेवढाच राहतो.

कांहीं वर्षांपूर्वीं एका जागेकरितां माझ्या विद्यार्थ्यासाठीं मीं असें वजन खर्च केलें. तो लायक होता, हें मी आजहि म्हणेन. परंतु दुसरा उमेदवार त्याहून लायक होता किंवा नाहीं, हें मीं पाहिलेंच नाहीं. माझा अपराध तो हाच. दोघांना एका दांडीस लावून पाहण्याची संधीच मीं नाहींशी केली. मापांत दांडी मारणाऱ्या व्यापाऱ्यास आपण चोर म्हणतों. शिफारस करणारा प्राध्यापक मात्र परोपकारी ठरतो.

मग माणसाचें वस्तुमान ओळखावें कसें? शास्त्राजवळ एक रीत आहे. वजन जाणवतच नाहीं अशा अंतराळयानांत प्रवाशाला स्प्रिंग लावलेल्या आसनावर झुलवितात, आणि झोका किती सावकाश होतो यावरून त्याचें वस्तुमान काढतात. ढकललें असतां कितपत हलतो, ही परीक्षा. आमच्याच जिल्ह्यांत १९३८ सालीं विनोबा प्रकृति सुधारावी म्हणून पवनारला राहावयास आले. देह कृश, सत्तेचें पद कोणतेंच नाहीं. १९४० सालीं वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनीं त्यांनाच निवडलें. आणि १९५१ पासून भूदानासाठीं ते गांवोगांव पायीं हिंडले. गांव बदलल्यानें त्यांचें वजन उतरलें नाहीं, कारण तें कोणत्याहि खुर्चीच्या ओढीनें आलेलें नव्हतें.

माझा तो विद्यार्थी अजूनहि कृतज्ञतेनें भेटावयास येतो. त्याला दारांत पाहिलें कीं मला त्या दुसऱ्याची आठवण होते. त्याचें नांवहि मीं विचारून ठेवलें नाहीं.