नाव असलेली हाडं

सोलापुरात माणूस गेला की त्याच्या हाडांचं काय होणार, हे त्याच्या घराच्या रीतीवर ठरतं. बहुतेक घरांत दहन. मग अस्थी सावडायच्या आणि पंढरपूरला चंद्रभागेत सोडायच्या. लिंगायत समाजात मृताला बसवून, हातात इष्टलिंग देऊन पुरतात. मुसलमान-ख्रिस्ती दफन करतात. पुरलेलं माणूस पुन्हा उकरून अभ्यासाला ठेवावं, हे मात्र कुणालाच सहजी पटणार नाही.

तरीही याच चंद्रभागेच्या, म्हणजे भीमेच्या खोऱ्यात, घोड नदीकाठच्या इनामगावला, डेक्कन कॉलेजनं १९६८पासून केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं सापडली. घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत ठेवलेली पोरं. घोट्याजवळ पाय तोडून पुरलेले प्रौढ. एक जण तर चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला. यातली अमकी व्यक्ती तिशीची, असं अभ्यासक सांगतात ते कशाच्या आधारावर?

ओटीपोटाखाली कमरेची दोन हाडं जिथे समोरासमोर येतात, तो पृष्ठभाग विशीत नांगरलेल्या वावरासारखा सरीसरीचा असतो. वय वाढेल तशा सऱ्या बुजतात, कडा उठते, पुढं हाड झिजून खडबडीत होतं. या बदलांचं कोष्टक टॉड या शरीरशास्त्रज्ञानं १९२०मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला मांडलं, ते तिथं जमा होणाऱ्या, मुख्यतः बेवारस मृतदेहांवरून. अशाच अभ्यासासाठी जपलेले पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठातले ५०५ सांगाडे दफनभूमीतून आले. तिथं कबर काही वर्षांपुरतीच मिळते. ज्यांची हाडं न्यायला कुणी आलं नाही, त्यांचं नाव, वय, व्यवसाय, मृत्यूचं कारण, सारं नोंदवहीत राहिलं. गरिबांना न विचारता विज्ञानानं त्यांच्याकडून घेतलेलं हे ऋण आहे, आणि ते मला अस्वस्थ करतं.

लंडनच्या स्पिटलफील्ड्सचं उदाहरण सोलापूरकराला जवळचं वाटावं. सोलापूरसारखीच तीही एके काळी विणकरांची, रेशीम विणणाऱ्यांची वस्ती. तिथल्या चर्चच्या तळघरातून १९८४ ते १९८६ या काळात हजाराच्या आसपास मृतांचे अवशेष काढले गेले. त्यांतल्या ३८७ जणांच्या शवपेट्यांवरच्या पट्ट्यांमुळे नाव आणि वय कळत होतं. अभ्यासकांनी हाडांवरून वय काढलं आणि पट्टीशी ताडून पाहिलं. तरुण होते त्याहून थोराड ठरले, म्हातारे होते त्याहून तरुण. प्राचीन माणसं चाळिशीतच संपायची, या विधानाकडे तेव्हापासून जपूनच पाहावं लागतं. विणकराचा हात हाडांवरून ओळखू येईल, ही अपेक्षाही फोल ठरली. हातांचा संधिवात आणि विणकाम यांचा मेळ बसला नाही.

आपल्याकडून १९८५च्या बंदीपर्यंत असंख्य सांगाडे परदेशी गेले. त्यांवर जगभरचे डॉक्टर शिकले, पण त्या सांगाड्यांना नाव नव्हतं. अभ्यासापुरती हाडं होती. त्यांचं आयुष्य कुणी टिपून ठेवलंच नाही.

आपल्याला दफनभूमी उकरायची गरज नाही. महाराष्ट्रात देहदानाची परंपरा रुजली आहे आणि दधीचीची गोष्ट घराघरांत माहीत आहे. देहदान करणारा स्वतःच्या हातानं सही करतो, घरचेही संमती देतात. त्याच अर्जात आणखी एक प्रश्न हवा: विच्छेदनानंतर हाडं अभ्यासासाठी जतन करावीत का? होकार आला तर वय, कोणत्या कामात आयुष्य गेलं, कोणती दुखणी होती, हे हाडांसोबत राहावं आणि नाव वेगळ्या, कुलूपबंद वहीत. मागावर उभं राहून उमेदीची वर्षं घालवलेल्या सोलापूरच्या बाईमाणसाचं वय मग दूरदेशीच्या बेवारस मृतांच्या कोष्टकावर तोलावं लागणार नाही.