आधी एकांतात त्याला भेट

चि. बाळास,



तुझं पत्र आणि सोबतची बँक स्टेटमेंटची झेरॉक्स मिळाली. लाल पेनाने गोल केलेल्या रकमा पाहून पोटात कालवलं. ज्याच्याबरोबर तरुण संघात पेटी-तबला घेऊन गावोगाव फिरलास, त्यानेच केसाने गळा कापावा! 55व्या स्तोत्रातलं दुःख नेमकं हेच आहे. घात करणारा शत्रू नाही, देवाच्या घरी बरोबरीने चालत जाणारा जिवलग आहे. त्या स्तोत्रात घातक्यांच्या मरणाची मागणीसुद्धा आहे आणि तीही पवित्र शास्त्रातच आहे. तेव्हा प्रार्थनेला बसल्यावर तोंडून तळतळाट निघतो म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. तो देवापुढे मोकळा कर. मात्र फक्त देवापुढे.

हे मुद्दाम लिहिते आहे. आपल्याकडे चहाडीला प्रार्थनाविषयाचं रूप द्यायला वेळ लागत नाही. "त्याच्यासाठी प्रार्थना करा हं" म्हणत बुधवारच्या सभेत एकीने सुरुवात केली, की रविवारपर्यंत सगळ्या मंडळीत हिशेब पोचलेला असतो. मत्तयाच्या 18व्या अध्यायात प्रभूने क्रम घालून दिला आहे: आधी दोघांनीच एकांतात बोलायचं, मग एकदोन साक्षीदार न्यायचे, आणि त्यानंतर मंडळी. तू अजून पहिली पायरीही चढलेला नाहीस. खातेवही घे आणि त्याच्या घरी जा. आवाज चढवू नकोस, पण एकही रक्कम गाळू नकोस.

"क्षमा करायची म्हणजे दुकान पुन्हा त्याच्या हाती द्यायचं का?" असं तू विचारलंस. नाही, बाळा. योसेफाची गोष्ट पुन्हा सावकाश वाच. 17 वर्षांच्या पोराला भावांनी चांदीच्या 20 नाण्यांना विकलं. पुढे दुष्काळात तेच भाऊ धान्यासाठी मिसरात आले, तेव्हा त्याने लगेच गळ्यात गळा घातला नाही. ओळख दिली नाही. बाजूला जाऊन रडला आणि परत येऊन शिमोनाला अडकवून ठेवलं. बन्यामिनाला आणायला लावलं, मग त्याच्या गोणीत चांदीचा प्याला लपवला. आपल्याला विकणारे हे लोक धाकट्यालाही तसंच सोडून जातात का, हे त्याला पाहायचं होतं, असं मला वाटतं. ज्याने विकायचा सल्ला दिला होता तोच यहूदा पुढे झाला आणि बन्यामिनाऐवजी मला गुलाम ठेवा म्हणाला. मग मात्र योसेफाला राहवलं नाही. रागाने सूड घ्यायचा असता तर सत्ता त्याच्याच हातात होती. सूड त्याने देवावर सोडला, पण भाऊ बदललेत की नाहीत हे पारखून घेतलं.

तेव्हा तू क्षमा आजच कर, त्याने मागायची वाट पाहू नकोस. चेकबुक मात्र तुझ्याकडे ठेव. पौलाने तांबट आलेक्सांद्राचा न्याय प्रभूवर सोपवला आणि त्याच दमात तीमथ्याला त्याच्यापासून जप म्हणून कळवलं. आणि पंफुल्यात अर्ध्यावर सोडून गेलेल्या मार्काला हाच पौल पुढे आपल्याकडे बोलावून घेतो. मधे वर्षं गेली होती. तुमच्यातही जाऊ देत.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. त्याने कर्जाच्या कागदावर तुझी खोटी सही केली असेल, तर ते लपवू नकोस. भावाभावांनी कोर्टात जाऊ नये असं करिंथच्या मंडळीला लिहिणाऱ्या पौलानेच स्वतःवर अन्याय होताना कैसराकडे दाद मागितली. वडील मंडळींपुढे हिशेब ठेवून पाहा. तिथे तो हजरच राहिला नाही, तर वकिलाकडे जाण्यात विश्वासाला कमीपणा नाही. तुझ्या बायकोमुलांच्या तोंडचा घास त्यात आहे.

राहिलं प्रभुभोजन. तो त्याच रांगेत असेल म्हणून तू घरी थांबू नकोस. यहूदा इस्कर्योत काय करणार हे ठाऊक असूनही प्रभूने त्याचे पाय धुतले आणि त्याला घास दिला. तुला त्याच्याकडे पाहवणार नाही, तर पाहू नकोस. रांगेत उभा राहा.

शनिवारी त्याच्याकडे जाऊन आलास की रात्री फोन कर, मी जागी असेन. सूनबाईंना आशीर्वाद, मुलांना पापे.

तुझी,
मावशी