स्वखुशीने दिलेला अंगठा



आजच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा धनी पहाटेपासून पुन्हा पुन्हा बाजारात जातो आणि दिसेल त्याला कामावर घेतो. दिवस मावळायच्या बेताला आलेल्यांनाही तो पूर्ण दिवसाची मजुरी देतो. या दाखल्यावर प्रवचन करताना आम्ही दरवेळी देवाच्या उदारतेबद्दल बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण यंदा आमचे लक्ष एका साध्या गोष्टीकडे गेले. संध्याकाळी कारभारी मजुरांना बोलावतो, प्रत्येकाच्या हातावर दीनार ठेवतो आणि ते घरी जातात. कोणाच्या अंगावर बाकी राहत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच मळ्यात जायचे की दुसऱ्याच्या, हे ज्याचे त्याने ठरवायचे. कुरकूर करणारेसुद्धा मोकळी माणसे आहेत. कुरकूर करता येते, हेही मोकळेपणाचेच लक्षण.

आपल्या कर्जत-खालापूर भागात हा क्रम उलटा आहे. येथे पैसा आधी येतो आणि काम मागाहून. भाताची आवणी उरकली की वाडीवरच्या माणसाला हाती काम नसते. घरातले धान्य संपलेले असते, कोणीतरी तापाने पडलेले असते आणि त्यात गौरी-गणपती येतात. नेमक्या याच दिवसांत मुकादम वाडीवर येतो आणि उचल देतो. कागद पुढे होतो, कातकरी नवरा-बायको अंगठा देतात. दिवाळी झाली की टेम्पो येतो आणि ती जोडी पोराबाळांसह वीटभट्टीवर जाते. कोणी पनवेल-पेणकडे, कोणी भिवंडी-कल्याणकडे, तर कोणी कोळसा पाडायला थेट कर्नाटकात. तेथे आठवड्याला खर्ची मिळते, हिशेब मात्र पाऊस तोंडावर आल्यावर होतो. त्या हिशेबात बहुधा मजुराच्या अंगावर काही ना काही बाकी निघते. मग पुढच्या दिवाळीला त्याने कोणाकडे जायचे, हे आदल्या वर्षीच ठरून गेलेले असते.

या विषयावर बोलणे निघाले की एक वाक्य हमखास ऐकायला मिळते, "फादर, त्याला कोणी जबरदस्ती केली का? त्याने स्वखुशीने अंगठा दिला." हे वाक्य आपण टाळू नये, कारण खरा नैतिक प्रश्न याच वाक्यात आहे. माणसाने हो म्हटले की करार न्याय्य होतो काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही इच्छास्वातंत्र्यावर भरपूर वाचले, परीक्षेत उत्तरेही लिहिली. तेव्हा हा प्रश्न पुस्तकातला वाटत असे. पोप तेरावे लिओ यांनी मात्र १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात तो कामगाराच्या अंगाने मांडला. मालक आणि मजूर यांनी मजुरी आपसात ठरवावी हे त्यांना मान्य होते. पण गरजेपोटी किंवा त्याहून वाईट घडेल या भीतीपोटी मजुराने जाचक अटी पत्करल्या, तर तो बळजबरीचाच बळी ठरतो, असे त्यांनी स्पष्ट केले. पुढे १९८२ मध्ये दिल्लीतील एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ तोच विचार राज्यघटनेच्या २३ व्या कलमातून काढला. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या निकालाचा आशय असा, की भूक आणि दारिद्र्य यांमुळे दुसरा मार्गच न उरणे हीसुद्धा सक्ती होय, आणि किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवून घेणे ही वेठबिगारी होय. एक रोमचे परमगुरुस्वामी, दुसरे दिल्लीचे न्यायाधीश, आणि मध्ये नव्वद वर्षांचे अंतर! तरी दोघांनी सहीच्या मागे उभ्या असलेल्या भुकेकडे पाहिले.

कायद्याची गोष्ट निघाली आहे तर तीही पाहू. वेठबिगारी पद्धत निर्मूलन कायदा १९७६ चा. उचलीच्या बदल्यात माणसाचे दुसरीकडे काम करण्याचे किंवा हिंडण्या-फिरण्याचे स्वातंत्र्य जाते, तेव्हा तो वेठबिगार ठरतो आणि त्याचे ते कर्ज कायद्यानेच रद्द होते. कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असते. १९७९ मध्ये परराज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी वेगळा कायदा आला. त्यात एक फार बोलकी तरतूद होती. मजुराला नेताना कंत्राटदाराने त्याला विस्थापन भत्ता द्यावा, महिन्याच्या मजुरीच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यांपैकी जास्त असेल तो, आणि ही रक्कम परत मागायची नाही. म्हणजे घर सोडून येणाऱ्या माणसाचे देणे लागतो तो कामावर नेणारा! उचलीच्या रीतीने हेच नाते उलटे करून ठेवले. कर्जतहून पनवेलला जाणाऱ्याला तर त्या कायद्याचा उपयोगच नव्हता, कारण त्याने राज्याची सीमा ओलांडलेली नसते. २०२० च्या नव्या श्रम संहितेत तो कायदा सामावून घेताना हा विस्थापन भत्ता गाळण्यात आला. आमच्या मते ही मोठी चूक झाली.

आता थोडे दूर पाहू, कारण आपल्या धर्मग्रामातील काही घरांतून मुले परदेशी गेलेली आहेत. अमेरिकेने १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिकोतून लाखो शेतमजूर करारावर नेले. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या मजुरीतून दहा टक्के रक्कम बचत म्हणून कापली जाई. ती पुष्कळांच्या हाती कधीच पडली नाही. आज तेथे शेतमजुरांसाठी एच-२ए नावाचा व्हिसा आहे. कागद कायदेशीर, शिक्क्यासह, पण ज्या मालकाने बोलावले त्याच्याशी बांधलेला. मालकाशी पटले नाही म्हणून काम सोडले, तर देशात राहण्याचा हक्कही धोक्यात येतो. कागदाशिवाय राबणाऱ्या शेतमजुरांना कायदेशीर दर्जा मिळावा यासाठी एक विधेयक तेथील प्रतिनिधीगृहात २०१९ आणि २०२१ असे दोनदा मंजूर झाले, पण सिनेटमध्ये अडकले. आखाती देशांत ज्यांचा पासपोर्ट कफीलच्या कपाटात पडून होता, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. अंगठ्याचा कागद आणि व्हिसाचा कागद यांची भाषा वेगळी असेल, पण दोन्हींना एकच प्रश्न विचारता येतो: हा माणूस उद्या हे काम सोडून दुसरीकडे जाऊ शकतो काय?

गंमत अशी, की आपल्याकडच्या फार्महाऊसवर राखण करणाऱ्या, झाडांना पाणी घालणाऱ्या नेपाळी माणसाला व्हिसा लागतच नाही. भारत-नेपाळ यांच्या १९५० च्या करारामुळे तो येथे राहू शकतो, कामधंदा करू शकतो. कागदाच्या दृष्टीने परदेशातून आलेला हा माणूस मोकळा, आणि याच डोंगरात पिढ्यान् पिढ्या राहिलेला कातकरी बांधलेला! अर्थात नेपाळी माणसालाही बांधता येते. चार महिन्यांचा पगार "गावी जाशील तेव्हा देऊ" म्हणून ठेवून घेतला की झाले. आपल्यापैकी जे फार्महाऊस सांभाळतात, त्यांनी हा मजकूर वाचून रागावू नये, पण वही उघडून पाहावी.

मुकादमाची बाजू आम्ही ऐकलेली आहे. तो म्हणतो, "भुकेच्या महिन्यात बँक यांना दारात उभी करत नाही. सरकारची खावटी येईल तेव्हा येईल. मी पैसे देतो. काही जोड्या उचल घेऊन पळून जातात, ते नुकसान मी सोसतो. उद्या उचल बंद केली तर यांनी श्रावणात काय खायचे?" हे खोटे नाही. तो स्वतःही पुष्कळदा शेठकडून पैसे उचलूनच आलेला असतो. आम्हांला याचे सोपे उत्तर सापडलेले नाही. पवित्र शास्त्रात मात्र ही अडचण आधीच ओळखलेली आहे. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्जमाफी सांगितली आहे, आणि लगेच पुढे बजावले आहे की माफीचे वर्ष जवळ आले म्हणून गरिबाला उसने देताना हात आखडू नये. म्हणजे कर्ज बुडेल या भीतीने देणे थांबेल, हे त्या नियमकर्त्याला पक्के ठाऊक होते. तरीही त्याने माफी मागे घेतली नाही. १९७६ च्या कायद्यानेही कर्ज हप्त्यांत फेडायला सांगितले नाही, ते पूर्ण मिटवले. बाकी थोडी जरी ठेवली, तरी दोरी शिल्लकच राहते.

मग श्रावणातली भूक? तिचे उत्तर माफीत नाही, हे कबूल केले पाहिजे. ते पावसाळ्यात रोजगार हमीचे काम वेळेवर निघण्यात आणि रेशनच्या दुकानात धान्य असण्यात आहे. आपल्या अभ्यासवर्गाच्या हजेरीपटात ते दिसते. दिवाळीनंतर वाडीवरच्या मुलांच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा सुरू होतात, त्या थेट मेपर्यंत. मागे एका मुलाला आम्ही विचारले, "भट्टीवर तू काय करतोस?" तो म्हणाला, "विटा उलट्या करतो, वाळायला." वय वर्षे आठ.

येथे एक गोष्ट सांगायलाच हवी. सभागृहामागची भिंत बांधली तेव्हा विटांचा भाव आम्हीच ठरवला होता. घासाघीस करून हजारामागे थोडे पैसे कमी करून घेतले, आणि वित्त समितीत त्याबद्दल आमचे कौतुकही झाले. विटा कोणी पाडल्या, त्यांना हजारी काय मिळाली, हे आम्ही विचारले नाही. तेव्हा ते सुचलेच नाही.

भिंतीचा उरलेला भाग दिवाळीनंतर बांधायचा आहे. गेल्या आठवड्यात आम्ही पुरवठादाराला मजुरांच्या मजुरीची वही दाखवायला सांगितले. तो हसून म्हणाला, "फादर, तुम्हांला विटा हव्यात की हिशेब?" आम्ही सांगितले, दोन्ही. त्याने विचार करून कळवतो म्हटले आहे. वही दाखवणाऱ्याच्या विटा महाग पडतील, हे उघड आहे. किती महाग पडल्या तर घ्यायच्या, हा विषय येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतरच्या वित्त समितीच्या बैठकीत ठेवला आहे. ही बैठक सर्वांसाठी खुली राहील.

आपले धर्मगुरू