बरणीतला दासोह



निपाणीकडच्या खेड्यातले घर डोळ्यांपुढे आणा. घरामागे परडे. मोरीचे पाणी जाते तिथे अळू आणि केळ, कुंपणावर दोडका-कारली, गोठ्याच्या छपरावर भोपळ्याचा वेल, कोपऱ्यात शेवगा. मृग निघाला की घरची माउली राखेत ठेवलेले बी काढते आणि टोकते. पुढे शेतात तंबाखू असो की ऊस असो, कालवण परड्यातून येते. तंबाखूच्या पिकाने या भागाला पैसा दिला. पण त्याचे पान जेवणाच्या ताटात येत नाही आणि त्याचा भावही शेतकऱ्याच्या हाती नसतो. त्या भावासाठी 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये इथल्या शेतकऱ्यांना निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडून बसावे लागले, हे आपण विसरलेला नाहीत. परड्यातल्या घेवड्याचा भाव मात्र कोणी व्यापारी ठरवत नाही. तो घेवडा घरच्या भुकेसाठी असतो आणि दारी येणाऱ्यासाठी असतो.

शरणांनी कायक शिकवले आणि त्याला दासोहाची जोड दिली. मग परड्यात पाणी घालणे, भाजी खुडणे, निवडणे, शिजवणे याला आपण कायक का म्हणत नाही? मजुरी मिळत नाही म्हणून? कायकाची योग्यता मजुरीवर ठरत नाही, भावावर आणि प्रामाणिकपणावर ठरते. परड्यातल्या बाईचे कायक गुऱ्हाळातल्या वा वखारीतल्या कायकापेक्षा तसूभरही कमी नाही.

प्रवचनानंतर एकदा एका माउलीने आम्हांस थांबवून विचारले, “अप्पाजी, आमी उन्हाळाभर वाळवण घालतो, बरण्या भरतो. शरण तर उद्यासाठी साठवू नका म्हणत्यात. मग आमचं हे पापच म्हणायचं का?”

प्रश्न सोपा नाही. चैत्र-वैशाखात आपल्या अंगणात काय काय वाळत असते ते पाहा. कोहळ्याचा कीस वाटलेल्या डाळीत कालवून घातलेले सांडगे. चिरलेल्या मिरच्या आंबट दह्यात मिठासह बुडवायच्या, दिवसा उन्हात, रात्री पुन्हा दह्यात, असे दही संपेपर्यंत. कोवळी गवारी उकळत्या पाण्यातून काढून वाळवायची; मोडताना कट्ट वाजली की झाली. चार भांडी कैरीच्या फोडींना भांडेभर मीठ घालून लोणचे मुरवायचे. मीठ फोडीतले पाणी ओढून घेते, वरचे तेल हवा अडवते, म्हणून ते वर्षभर टिकते. आषाढ-श्रावणात झड लागते, भाजी सडते, बाजाराला जाणे होत नाही, तेव्हा या बरण्या घर चालवतात. हा शहाणपणा आहे. याला पाप कोण म्हणेल?

पण ती माउली तेवढ्यावर थांबली नाही. डोळे खाली करून ती पुढे बोलली. एका श्रावणात शेजारची वखारीत राबणारी बाई वाटी घेऊन दारात आली. पावसाने काम बंद, घरात भाकरीबरोबर खायला काही नाही. हिने सांगितले, लोणचे संपले. बरणी तर फडताळात भरलेली होती, गणपतीला लेक-जावई येणार म्हणून राखलेली. लेक आली, बरणी उघडली, तो वर बुरशी! कधीतरी ओला चमचा गेला होता. सगळे लोणचे उकिरड्यावर टाकावे लागले. “अप्पाजी, ती वाटी अजून डोळ्यापुढनं हलत नाही.”

वाचकहो, तिच्या प्रश्नाचे उत्तर तिच्याच तोंडून आले होते. आम्ही तिला फक्त आयदक्की लक्कम्मांची आठवण दिली. बाराव्या शतकात लक्कम्मा आणि त्यांचे पती मारय्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, राहत होते. बसवण्णांच्या अंगणात सांडलेले तांदळाचे दाणे वेचणे हे मारय्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ वेचून आणले. लक्कम्मांनी ते पाहिले आणि पतीस बजावले की हे आपल्या गरजेपुरते नाहीत, जास्तीचे परत टाकून या. ज्या घरात उद्याची सोय नव्हती, त्या घरातून तांदूळ परत गेले! आणि त्याच थोड्या तांदळात त्या दांपत्याने जंगमांचा दासोह चालविला, असे परंपरा सांगते.

यातून काय घ्यावे? लक्कम्मांनी दाणे वेचायचे बंद करायला सांगितले नाही. त्यांनी माप सांगितले. मापात असते ती तरतूद, मापाबाहेर जाते तो हव्यास. बरणी तीच, सांडगे तेच. दारातल्या वाटीला “आहे” म्हणाल तर तो दासोह. “नाही” म्हणाल तर तोच संग्रह. बुरशी लोणच्याला ओल्या चमच्याने येते. मनाला ती “माझे, माझ्याच माणसांचे” या भावनेने येते. पहिली उकिरड्यावर टाकता येते. दुसरी कुठे टाकाल?

म्हणून या वर्षी एक करा. बरणीला दादरा बांधण्याआधी एक लहान बरणी निराळी भरा. ती दारात येणाऱ्याची. तिला घरच्यांनी हात लावायचा नाही आणि ती रिकामी व्हायला उशीर लागला तर आपणच शेजारी नेऊन द्यायची. वेलावरचा पहिला चांगला दोडका बियाण्याला राखाल, तेव्हा त्यातले मूठभर बी ज्याला परडे आहे पण बी नाही त्याच्यासाठी बांधून ठेवा. दिलेले बी परक्या कुंपणावर फुलते आणि आपले किडले तर तिथूनच परत मिळते. माप राखणाऱ्याचे असे नुकसान होत नाही.

त्या माउलीने पुढच्या उन्हाळ्यात लोणचे घातले, तेव्हा पहिली वाटी कोणाच्या घरी गेली हे आम्ही विचारले नाही. विचारण्याची गरज वाटली नाही. आपल्या फडताळातल्या बरणीला मात्र आज आपणच विचारावे, तू कोणाची?

शरणु शरणार्थी.