हा निकाल तुमच्यापुरताच

१३ एप्रिल १९९६ रोजी अमेरिकेतल्या एका बाईंनी, जास्त भरलेला प्राप्तिकर परत मिळावा म्हणून अर्ज टपालात टाकला. कर भरला होता १५ एप्रिल १९९३ला आणि परताव्याची मुदत तीन वर्षांची. अर्ज खात्यात पोचला १६ तारखेला. एक दिवस उशीर! खात्याने पैसे नाकारले.

टपालात टाकला तो दिवस धरा, असं बाईंचं म्हणणं. प्रकरण आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयात गेलं. तिथे १९९२चा त्याच न्यायालयाचा एक निकाल निघाला. त्यात हाच युक्तिवाद फेटाळलेला होता. बाईंच्या बाजूने उत्तर आलं : तो निकाल 'अप्रकाशित' आहे, तो पाळायचं बंधन नाही. न्यायालयाच्या नियमानुसार हे अगदी बरोबर होतं.

अप्रकाशित म्हणजे गुप्त नव्हे. असे निकाल आज फोनवरही वाचता येतात. अर्थ एवढाच, की निकाल देतानाच न्यायालय सांगतं : हे तुमच्यापुरतं, पुढच्या खटल्यात आम्हाला बांधणार नाही. ही प्रथा आली कामाच्या ढिगाऱ्यातून. ज्यांचा पुढे उपयोग आहे तेवढेच निकाल छापावेत, असं तिथल्या न्यायाधीशांच्या परिषदेने १९६४मध्ये सुचवलं. आता संघीय अपील न्यायालयांचे दहातले आठांहून जास्त निकाल अप्रकाशित असतात. वकिलाशिवाय लढणाऱ्या कैद्यांची अपिलं बहुतेक इथेच संपतात. (आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांवरही कोपऱ्यात 'रिपोर्टेबल' किंवा 'नॉन-रिपोर्टेबल' असं लिहिलेलं असतं.)

बाईंच्या खटल्यात, 'अनास्टासॉफ' खटल्यात, न्या. रिचर्ड अर्नोल्ड यांनी २०००मध्ये हा नियमच घटनाबाह्य ठरवला. आपला कुठला निकाल पुढे मोजायचा आणि कुठला नाही, हे निवडायचा अधिकार न्यायाधीशाला नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून १९९२चा निकाल बंधनकारक ठरला. म्हणून बाई हरल्या.

मला अर्नोल्ड यांचं म्हणणं घटनेपेक्षा नीतीच्या अंगाने पटतं. थोरलीला दहानंतर फोन नाही, असं आईने सांगितलं, की धाकटा कान टवकारतो. उद्या त्याला सूट मिळाली तर थोरली काय म्हणेल? कालचं कारण कारण नव्हतंच, तेव्हा तुझा मूड नव्हता, एवढंच. आणि तिचं चुकणार नाही.

नवव्या सर्किटचे न्या. ॲलेक्स कोझिन्स्की यांनी २००१मध्ये उलट बाजू मांडली, आणि ती हलकी नाही. पुढच्या अनोळखी खटल्यांसाठी लिहायचं तर एकेक शब्द तोलावा लागतो. सगळ्याच प्रकरणांत तसं करू गेलं, तर महत्त्वाच्या निकालांना वेळ उरत नाही. ज्यांचं भांडण आहे त्यांना तपशील ठाऊकच असतात. त्यांना थोडक्यात कारण सांगितलं तरी पुरतं.

थोडक्यात लिहायला माझी हरकत नाहीच. अडतं ते पुढे. प्रकरण किरकोळ आहे हे तेच न्यायाधीश ठरवतात, आणि आपल्याला त्यातून मोकळंही तेच करतात. कैद्याला मात्र तो निकाल पूर्ण लागू होतो.

२००७पासूनच्या अप्रकाशित निकालांचा उल्लेख करायला आता कुठलंही संघीय अपील न्यायालय मनाई करू शकत नाही. त्यांना किती वजन द्यायचं, ते मात्र ज्याचं त्याने ठरवायचं.

आणि बाई? सरकारने त्यांचे पैसे पूर्ण परत केले. भांडणच उरलं नाही, म्हणून डिसेंबर २०००मध्ये पूर्ण पीठाने अर्नोल्ड यांचा निकाल रद्द केला. तो छापील खंडात आहे. बंधनकारक नाही.