पिठाचा कोंबडा

ज्याची उभी हयात मटणाच्या रश्श्यावर आणि तळलेल्या बोंबलांवर पोसली गेली आहे असा गृहस्थ जेव्हा, यजमानाच्या आग्रहास्तव का होईना, मुंबईतल्या एखाद्या प्रतिष्ठित, मंद दिव्यांच्या आणि अतिशय महाग अशा शाकाहारी उपाहारगृहात येऊन बसतो, तेव्हा पुढ्यात आलेले पदार्थ पाहून त्याला प्रथम आश्चर्य वाटते आणि मागाहून किंचित संशय येतो. राजम्याचे गलौटी कबाब, निखाऱ्यावर भाजलेले सोयाचे चाप, कोवळ्या फणसाची बिर्याणी, अळंब्यांचे काळ्या मसाल्यातले सुके: जे वर्ज्य मानले त्याचा आकार, त्याचा धूर, त्याचा मसाला, फार काय दाताखाली येणारा त्याचा तंतूदेखील, फक्त प्राणी तेवढा वगळून, ताटात हजर करावा या एकाच कामी त्या मुदपाकखान्याने आपले सर्व कौशल्य जुंपलेले दिसते.

याचा धर्माधर्म पाहण्याचे उपाहारगृहाच्या मालकाला कारण नाही. त्याचा जमाखर्च निराळा. परंतु खाणाराने तो पाहावा. जी वस्तू अधर्म्य म्हणून टाकली तिचेच सोंग आवडीने खाणे याला त्याग म्हणावयाचे, की भोगच वेष पालटून मागील दाराने आत आला असे समजावयाचे? प्रश्न सोयाचे चाप घडवणाऱ्या कारखान्यांहून पुष्कळच जुना आहे. मांसाची आसक्ती अनावर झाली तर तुपाचा किंवा पिठाचा पशू करावा, पण निष्कारण पशुवधाची इच्छा धरू नये, अशी मुभा मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातच आहे. यज्ञात बोकडाऐवजी पिष्टपशू चालतो असा पक्ष माध्व संप्रदायाने उचलून धरला; आणि सहाव्या शतकाच्या प्रारंभी चीनमधल्या लिआंग घराण्याच्या वू नामक बौद्ध सम्राटाने, पितरांच्या मंदिरातही खरे पशू न मारता पिठाचे अर्पण करावेत, असे फर्मान काढले होते. थोडक्यात, प्रतिकृतीने काम भागते असे मानणारे लोक नाना देशांत होऊन गेले.

या मुभेविरुद्ध सर्वांत कडक फिर्याद जैन आचार्यांची आहे, आणि ती त्यांनी एका कथेच्या रूपाने मांडली आहे. सोमदेवसूरीच्या ‘यशस्तिलक’ या ९५९ सालच्या संस्कृत ग्रंथात, पुष्पदंताच्या अपभ्रंश काव्यात, आणि पुढे १२०९ मध्ये जन्न कवीने कन्नडात रचलेल्या ‘यशोधरचरिते’त ही कथा येते. उज्जयिनीचा राजा यशोधर राणीच्या व्यभिचाराने विरक्त होतो, आणि वैराग्याची खरी सबब सांगणे अवघड म्हणून आईला एका दुःस्वप्नाची बतावणी करतो. आई शांतीसाठी देवीला पशुबळी देण्याचा आग्रह धरते, राजा हिंसेला राजी होत नाही, आणि शेवटी मायलेकांत तडजोड ठरते ती अशी की कोंबडा पिठाचा करावा आणि त्याचा बळी द्यावा. पिठाच्या त्या कोंबड्यावर राजाने शस्त्र चालवले, आणि एवढ्यासाठी त्याला व त्याच्या आईला मोर, कुत्रा यांच्यापासून सुरुवात करून जन्मोजन्मी पशुपक्ष्यांच्या योनीत मारत आणि मरत हिंडावे लागले.

मुद्देमाल पिठाचा आणि शिक्षा मात्र खुनाची, असा हा निवाडा कोणाही व्यवहारी माणसाला अतिरेकी वाटेल. परंतु प्रत्यक्ष घडलेली द्रव्यहिंसा आणि मनाच्या संकल्पातली भावहिंसा असा जो भेद जैन तत्त्वचिंतनाने केला आहे तो ध्यानात घेतला म्हणजे निवाड्यामागचा न्याय उलगडतो. राजाने शस्त्र उचलले ते ‘हा जीव आहे आणि मी तो मारीत आहे’ असा संकल्प करूनच. कारण तसा संकल्प नसता तर बळी हा बळीच ठरला नसता, आणि देवीकडून अपेक्षिलेले फळही त्याला मागता आले नसते. वधाचे फळ हवे, पण वधाचा दोष नको, असा तो व्यवहार होता.

आता हेच कलम आमच्या मांसप्रिय पाहुण्याला लावून पाहावे. राजम्याच्या कबाबात त्याने काटा खुपसला तेव्हा त्याच्या मनात कोणाला मारण्याचा संकल्प होता काय? मुळीच नव्हता, त्याला हवा होता तो लवंग-वेलदोड्याचा वास, तुपाचा ओशटपणा, निखाऱ्याचा धूर आणि जिभेवर विरघळणारा मऊपणा. तेव्हा यशोधराच्या गुन्ह्यातून तो निर्दोष सुटतो. पण ही सुटका त्याला महागात पडते. ‘मला मांस आवडते, तो माझा स्वभाव आहे, त्याला माझा इलाज नाही’ ही जी कैफियत तो आजवर मांडत आला ती याच ताटावर निकालात निघते; कारण ज्याच्यावर त्याचे प्रेम होते ते मरण नव्हते, प्राणीही नव्हता, आणि जे होते त्यातले निदान बारा आणे प्राण्यावाचूनही मिळू शकते असे त्याच्याच जिभेने साक्ष देऊन टाकले. (मासळीचा मामला वेगळा ठेवावा. ताज्या बांगड्याची नक्कल करील असा आचारी अजून जन्माला यावयाचा आहे, आणि या बाबतीत मी कोकणी माणसाचा पक्षपात मनमोकळेपणे पदरी घेतो.)

जन्नाच्या काव्यात एक तपशील आहे तो मला कथेचे मर्म वाटतो. शस्त्र बसताच तो पिठाचा कोंबडा आरवतो. नेमका असाच आवाज काही शतकांनंतर राजकोटच्या एका विद्यार्थ्याला ऐकू आला: मित्राच्या भरीस पडून चोरून बोकडाचे मांस खाल्ल्यावर त्या रात्री आपल्या पोटात जिवंत बोकड ओरडत आहे असा भास मोहनदास गांधींना होत राहिला, हे त्यांनी आत्मकथेत नमूद करून ठेवले आहे. एके ठिकाणी वस्तू खोटी आणि आवाज खरा. दुसरीकडे वस्तू खरी आणि आवाज भासमान. परंतु दोन्हीकडे ताटातले अन्न आणि ज्याचे ते अन्न झाले तो जीव यांच्यामधला पडदा फाटलेला आहे. आपल्या नित्याच्या खाटीकखान्याची, बाजाराची आणि खानावळीची रचना मात्र हा पडदा शाबूत राखण्याच्या धोरणावरच उभी आहे.

या पडद्याला शास्त्राचा आधार नाही असेही नाही. वैशालीचा सेनापती सीह, जो पूर्वी निग्रंथांचा, म्हणजे जैनांचा, अनुयायी होता, त्याने बुद्धाला भोजनास बोलावले आणि बाजारात तयार मांस मिळते का पाहून ये म्हणून माणूस पाठवला. तेव्हा गोतमाने आपल्यासाठी मारलेल्या जनावराचे मांस जाणूनबुजून खाल्ले, अशी ओरड निग्रंथांनी चौकाचौकांत केली, अशी हकीकत विनयपिटकात येते. त्या प्रसंगी बुद्धाने जो नियम घालून दिला तो प्रसिद्धच आहे: आपल्यासाठी मारलेले पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली तर ते मांस भिक्षूने घेऊ नये, एरवी घ्यावे. मत्स्यमांस सर्वथा बंद करावे ही देवदत्ताची मागणी तर बुद्धाने साफ नाकारली.

नियम शहाणपणाचा आहे, पण तो कोणासाठी आहे हे विसरता येत नाही. भिक्षापात्रात जे पडेल ते खाणे हा ज्याचा धर्म, ज्याला अमुक द्या आणि तमुक नको असे म्हणण्याचा अधिकारच नाही, त्याला दिलेली ही सवलत आहे. हातात पदार्थांची छापील यादी घेऊन, वेटरला जवळ बोलावून, ‘नळी जरा जास्त घाला’ अशी ताकीद देणाऱ्या आमच्यासारख्यांनी तिचा आसरा घेणे म्हणजे दुसऱ्याच्या नावच्या सनदेवर वतन भोगण्यासारखे आहे. जो निवडतो त्याची जबाबदारी निवडीच्या ठिकाणी सुरू होते; आपण न पाहिलेल्या खाटकाकडे ती वर्ग करता येत नाही.

पण मग याच न्यायाने त्या शाकाहारी उपाहारगृहात जेवलेल्या गृहस्थाच्या खात्यावर पुण्य किती जमा करावयाचे? तेथे तर निवडच नव्हती. मांस यादीतच नसल्यावर ते न मागण्यात संयम कसला? आहार तोडणाऱ्या माणसापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे उरते, असे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. आणि आमचा पाहुणा फणसाच्या फोडीतून कोकराची आठवण काढत ज्या तन्मयतेने जेवला ती पाहता गोडी पुरेपूर उरली होती यात शंका नाही. मात्र हाच निकष शेजारच्या टेबलावरच्या जन्मजात शाकाहारी कुटुंबाला लावला तर त्यांच्याही हाती फारसे काही लागत नाही. ज्याला मांसाच्या वासाने मळमळते त्याने ते न खाण्यात कोणता विषय जिंकला?

मनाविरुद्ध पाळलेला असा संयम तरुण गांधींना प्रत्यक्ष भोगावा लागला. १८८८ मध्ये ते लंडनला गेले ते बेचरजी स्वामी या जैन साधूसमोर, आईच्या समाधानासाठी, मद्य, मांस आणि स्त्रीसंग वर्ज्य करण्याची शपथ घेऊन. परंतु त्यांचे स्वतःचे मत त्या वेळी मांसाहाराच्या बाजूचे होते, आणि सर्व हिंदी लोकांनी मांस खावे व आपणही एके दिवशी ते उजळ माथ्याने खावे, अशी त्यांची इच्छा होती. अर्धपोटी हिंडता हिंडता फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी उपाहारगृह त्यांना सापडले. दाराशी मांडलेल्या पुस्तकांतून हेन्री सॉल्टचे शाकाहाराचा कैवार घेणारे पुस्तक त्यांनी एक शिलिंग देऊन घेतले, आणि आत जाऊन, विलायतेत आल्यापासून प्रथमच, पोटभर जेवले. ते पुस्तक वाचून झाल्यावर ते स्वखुशीने शाकाहारी झाले. ताटातले पदार्थ पुस्तकाआधी आणि नंतर तेच होते. पाळणारा मात्र बदलला: आधी शपथ पाळली जात होती, नंतर माणूस पाळू लागला.

हे स्वखुशीचे शाकाहारित्व आणि आपल्याकडे पाट्यांवर झळकणारे शाकाहारित्व यांचा संबंध फार थोडा आहे, हे सांगण्याची भीड मी बाळगत नाही. १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मूळाविषयी लिहिताना डॉ. आंबेडकरांनी असे प्रतिपादन केले की बौद्ध धर्माशी चाललेल्या झगड्यात ब्राह्मणांनी मांसाहार टाकून प्रतिष्ठा मिळवली, आणि गोमांस खात राहिलेल्या दरिद्री लोकांच्या माथी अस्पृश्यता आली. त्या उपपत्तीचा प्रत्येक टप्पा मान्य असो वा नसो, आहाराच्या सीमारेषेवरून माणसांची प्रतवारी लावण्याची खोड आपल्यात आहे हे, मासळी शिजवणाऱ्या भाडेकऱ्याला जागा नाकारणाऱ्या मुंबईतल्या सोसायट्या पाहिल्या म्हणजे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. जीवदयेने सुरू झालेला विचार शेजाऱ्याच्या नाकाडोळ्यांपाशी येऊन थांबला, तर त्यात जीव कोणता आणि दया कोणती?

आणि मग त्या महागड्या ताटातले दूध. राजम्यावर सोडलेले लोणी, पनीरचे तुकडे, साईने घट्ट केलेला रस्सा या सर्वांसाठी गाय-म्हैस व्यावी लागते आणि दूध न देणाऱ्या रेडकाची पुढे काय वाट लागते याची चौकशी ताटावर कोणी करीत नाही; म्हणजे येथेही न पाहिलेले आणि न ऐकलेले तेच खाल्ले जाते. गांधींनी ही चौकशी केली आणि १९१२ मध्ये दूध सोडले. पुढे १९१८ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या दुखण्यात, मुंबईत, दुधावाचून शरीर भरून येणार नाही असे डॉक्टरांनी बजावले तेव्हा दूध न घेण्याची शपथ घेताना मनात गाय आणि म्हैस होती, शेळी नव्हती, अशी वाट कस्तुरबांनी काढून दिली, आणि गांधींनी शेळीचे दूध घेतले. व्रताचे अक्षर राहिले पण आत्मा गेला, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि तरीही ते दूध त्यांनी पुढे सोडले नाही.