भीमाच्या दप्तरावर चुटकी नाही

भीमाच्या ढोलकपूरच्या टोळीत चुटकी ही मुलगी सुरुवातीपासून आहे. 'छोटा भीम' ही मालिका हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनने २००८ साली पोगो वाहिनीवर आणली आणि २०१२ पासून तिचे सिनेमे थिएटरांत लागू लागले. भीमाला बळ येतं ते लाडू खाऊन, आणि ते लाडू करते चुटकीची आई, टुनटुन मावशी. संकटाच्या वेळी चुटकी मागे राहत नाही. तरीही जूनमध्ये म्हसावदच्या बाजारात दप्तरं, कंपास आणि पाण्याच्या बाटल्या टांगल्या जातात तेव्हा त्यांवर एकटा भीम असतो. फार तर सोबतीला राजू आणि जग्गू माकड. माकडाला जागा मिळते, चुटकीला मिळत नाही.

म्हसावद हे शहाद्याहून धडगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. डोंगरातले पावरा आणि भिल्ल, सपाटीवरचे गुजर शेतकरी इथल्या बाजाराला येतात. इथल्या बहुतेक मुलांनी ही पात्रं थिएटरात पाहिलेली नसतात. कुठे टीव्हीवर, कुठे मोठ्या भावाच्या मोबाइलवर सिनेमाचे तुकडे पाहिलेले असतात. सिनेमा दीड-दोन तासांचा, दप्तर मात्र शिलाई उसवेपर्यंत पाठीवर असतं. म्हणून वस्तूवर कोणाचा चेहरा छापला जातो हा प्रश्न मला मुंबई-पुण्यापेक्षा इथे जास्त महत्त्वाचा वाटतो. पडद्यावर टोळीत असलेली मुलगी वस्तूवर येताना गळते, आणि मुलांच्या हातात उरते ती वस्तूच.

राजूला 'मायटी राजू' ही स्वतःची मालिका मिळाली. चुटकीसाठी देशभर आवाज उठला तो २०२० मध्ये, भीमाचं लग्न तिच्याशी की राजकुमारी इंदुमतीशी, यावरून. ही मुलं अजून लहान आहेत असा खुलासा तेव्हा कंपनीला करावा लागला. एका शूर मुलीची आठवण मोठ्यांना झाली ती लग्नाच्या निमित्ताने, याचं मला फार वाईट वाटलं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. २०१५ च्या 'ॲव्हेंजर्स : एज ऑफ अल्ट्रॉन'मध्ये ब्लॅक विडो विमानातून मोटरसायकलसकट खाली झेपावते. त्या प्रसंगाचं खेळणं निघालं तेव्हा मोटरसायकलवर कॅप्टन अमेरिका बसला होता. त्याच वर्षीच्या 'स्टार वॉर्स : द फोर्स अवेकन्स'ची नायिका रे. हॅसब्रो कंपनीने त्या सिनेमाचा मोनोपोली खेळ काढला आणि त्यात रेची सोंगटीच नव्हती. एका लहान मुलीने पत्र लिहून जाब विचारला. कथेचं रहस्य फुटू नये म्हणून रेला वगळलं, असं उत्तर कंपनीने दिलं आणि पुढे तिला घालण्याचं कबूल केलं. तो सुधारलेला संच निघालाही, पण अमेरिकेतल्या दुकानांत आणला नाही. कारण सांगितलं, पुरेशी मागणी नाही. आणि १९७७ साली केनर कंपनीने 'स्टार वॉर्स'च्या पहिल्या चार बाहुल्या जाहीर केल्या तेव्हा त्यांत राजकन्या लिया होती! म्हणजे काळ पुढे गेला की हे आपोआप सुधारतं, हा भरवसाही धरता येत नाही.

याहून गंभीर गोष्ट 'आयर्न मॅन ३'ची. त्यातली खलनायक व्यक्तिरेखा आधी स्त्रीची होती. स्त्रीचं खेळणं खपणार नाही या हिशेबापायी ती बदलावी लागली, असं दिग्दर्शक शेन ब्लॅक यांनी २०१६ मध्ये सांगितलं. म्हणजे आता खेळणं कथेच्या मागून येत नाही, ते कथेलाच वळण देतं.

या हिशेबाच्या मुळाशी एक समजूत आहे : मुली मुलग्यांचं खेळणं घेतात, मुलगे मुलींचं घेत नाहीत. मग दोघांना चालेल असं, म्हणजे मुलग्याचं, चित्र छापलं की माल अडकत नाही. बाजारात येणारा बराचसा माल नकलेचा असतो, आणि नक्कल करणारा गेल्या वर्षी जे खपलं तेच पुन्हा छापतो. मुलीचं चित्र छापलंच नाही तर खपणार कुठून, आणि खपलं नाही तर छापणार कोण? मागणी नसल्याचा पुरावा असा दुकानातच तयार होतो.

यावर कोणी गुलाबी रांगेकडे बोट दाखवेल. एल्सा आहे, बार्बी आहे. 'फ्रोझन' २०१३ साली आला आणि एल्साचे झगे जगभर खपले हे खरंच. पण ती रांग मुलींसाठी वेगळी काढलेली आहे, आणि तिथे मुलगा फिरकला तर घरचेच हसतात. माझी तक्रार त्या रांगेबद्दल नाही. जिथे सगळी टोळी एकत्र छापलेली असते, जे मुलगा आणि मुलगी दोघंही वापरतात, तिथून मुलगी गाळली जाते. त्यात नुकसान मुलग्याचंही होतं. एखाद्या मुलीच्या पराक्रमाचं चित्र कौतुकाने मिरवावं, असा प्रसंग त्याच्या बालपणात येतच नाही. राखीपौर्णिमेच्या आधी हे लख्ख दिसतं. भीमाची, मोटू-पतलूची, स्पायडरमॅनची राखी बहीण हौसेने निवडते आणि भावाच्या मनगटावर बांधते. खर्च तिच्या खाऊच्या पैशातून, चेहरा त्याच्या आवडीचा.

मुलगे बाईचं चित्र मिरवत नाहीत, हे या परिसरात तरी खोटं आहे. सातपुड्यातल्या आदिवासींची याहा मोगी, म्हणजेच देवमोगरा माता, ही धान्याची देवी. महाशिवरात्रीच्या सुमारास गुजरातेतल्या देवमोगऱ्याला तिची मोठी यात्रा भरते. तिचं नाव आणि तसबीर आपल्या जीपवर, ट्रॅक्टरवर लावणारे बहुतेक पुरुषच असतात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. देवी आणि मुलगी यांत फरक आहे, हे मला मान्य आहे. देवीला हात जोडायचे असतात. खेळण्याशी खेळताना पोर स्वतःच ते पात्र होतं. म्हणूनच देवी घरोघर असूनही चुटकीची उणीव भरून निघत नाही.

आणि माणसांतल्या नायिका तरी या मातीत कुठे कमी आहेत? १९७२ साली शहादा तालुक्यात श्रमिक संघटना उभी राहिली. त्या काळात आदिवासी बायका जमावाने गावोगाव गेल्या, दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. महाराष्ट्रातल्या स्त्रीमुक्ती चळवळीच्या इतिहासात शहाद्याचं नाव मानाने घेतलं जातं. त्या बायकांच्या नाती-पणत्या आज शाळेत जातात. याच तालुक्यातले कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता अनेकांना माहीत असेल : ज्यांचं दुःख, त्यांनाच मंचावर जागा नाही, आणि दुसरे त्यांना त्यांचंच दुःख सांगत आहेत. पावरा मुलीची गैरहजेरी अशी दुहेरी आहे. चुटकी दप्तरावर आली तरी ती ढोलकपूरची असेल. हिच्यासारखी दिसणारी, हिच्या बोलीत हाक मारणारी मुलगी अजून पडद्यावरच आलेली नाही. मराठी बालसाहित्यातली मुलगीही पडद्यावर येताना अशीच गळली. ना. धों. ताम्हनकरांनी 'गोट्या' लिहिला आणि 'चिंगी'ही लिहिली. दूरदर्शनवर मालिका झाली ती गोट्याची.

बदल करायचा तर वेळ आत्ताची आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्के केलं, २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर नेलं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का सक्तीचा झाला. परदेशातून तयार येणारी खेळणी त्यामुळे महागली आणि साचे इथे पाडण्याचं कारण वाढलं. साचा महाग असतो, एकदा पाडला की वर्षानुवर्षं त्यातून तोच चेहरा निघत राहतो. त्यामुळे कोणाचे साचे पाडायचे हे ठरत असतानाच बोललं पाहिजे. पात्रांचे हक्क विकणाऱ्या कंपनीने करारात एवढंच घालावं : सिनेमातली टोळी छापायची तर पूर्ण छापा, त्यातली मुलगी गाळता येणार नाही. यात कंपनीचा पैसाही बुडत नाही. सरकारी पैशातून दप्तरं आणि वह्या घेतल्या जातात तिथे हीच अट निविदेत घालता येईल. आणि शहाद्या-नंदुरबारचे ठोक व्यापारी जूनच्या मालाची मागणी नोंदवतात ती उन्हाळ्यात. म्हसावदच्या दुकानदारांनी आणि शाळांमधल्या बाईंनी तेव्हाच चुटकीचं नाव घेऊन माल मागितला, तर निदान मागणी नाही हे उत्तर त्यांना कोणी देऊ शकणार नाही.